ताईला मांडवीची जहाजं बघायची होती

"साहेब, बे ज पगथियां छे," फोनवरचा माणूस म्हणाला.

दोनच तर पायऱ्या आहेत. त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं की त्यातला तो 'ज' माझ्या डोक्यात जायला लागला होता. मी म्हणालो, "भाई, मी सुरुवातीलाच सांगितलं ना, माझी बहीण व्हीलचेअरवर आहे? व्हीलचेअर पायरी चढते का?" तो अगदी आपुलकीनं म्हणाला, "पण साहेब, आमच्या रूममधून दरियो दिसतो."

मी फोन ठेवला आणि वहीतल्या त्या हॉटेलवर काट मारली. काट इतकी जोरात मारली की मागच्या पानावर उमटली.

मी एका रासायनिक कारखान्यात शटडाउनचं नियोजन बघतो. चालू युनिट ठरल्या दिवशी बंद करायचं, उघडायचं, साफ करायचं, दुरुस्त करायचं आणि ठरल्या दिवशी पुन्हा सुरू करायचं. शेकडो कामं, कुठलं आधी, कुठलं नंतर, क्रेन कुठे उभी राहणार, हे सगळं मी तक्त्यावर बसवतो. तेव्हा दोन रात्रींसाठी कच्छमधल्या मांडवीला जाऊन यायचं, त्याचं नियोजन ते काय, असं मला वाटलं होतं. मी, माझी बायको आणि ताई. तीन माणसं, एक गाडी, दोन खोल्या.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. अडीच वर्षांची असताना तिला पोलिओ झाला. कॅलिपर आणि कुबड्यांवर तिनं शाळा केली, कॉलेज केलं आणि मग टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरीला लागली. पुढे एक्स्चेंजची यंत्रं बदलली, तेव्हा तिला तक्रारींच्या टेबलावर बसवलं. तिथूनच ती निवृत्त झाली. लग्न केलं नाही. बडोद्यात मांजलपूरला आमच्याच सोसायटीत, आमच्या विंगच्या समोरच्या विंगमध्ये, तळमजल्यावर तिचा स्वतःचा फ्लॅट आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे खांदे थकले. आयुष्यभर सगळा भार त्यांच्यावरच होता. डॉक्टरांनी कुबड्या बंद करायला सांगितल्या आणि ती व्हीलचेअरवर आली. तिनं स्वयंपाकाचा ओटा खाली करून घेतला, दारं रुंद करून घेतली आणि आहे तशी राहू लागली.

डिसेंबरमधल्या एका रविवारी मी तिच्याकडे चहाला गेलो होतो. तिच्या जुन्या मैत्रिणीनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता, तो तिनं मला दाखवला. मांडवीला नदीकाठी बांधत असलेलं लाकडी जहाज. चांगलं तीन मजली इमारतीएवढं, आणि त्याच्या पोटाच्या फळ्या अजून अर्ध्याच ठोकलेल्या.

"मला हे बघायचंय," ताई म्हणाली.

"समुद्र ना? मग दमणला जाऊ. जवळ आहे."

"समुद्र नाही रे. हे. एवढं जहाज रस्त्याच्या कडेला, हातानं बांधतात. बासष्ट वर्षं गुजरातेत काढली आणि मी ते बघितलं नाही."

"मग जाऊ की. उत्तरायण झालं की शुक्रवारची रजा टाकतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की?"

त्या प्रश्नात काय होतं ते मला नंतर कळलं. आम्ही लहानपणापासून पुष्कळ हिंडलो. द्वारका, अंबाजी, पावागढ. ताई प्रत्येक वेळी बरोबर होती. आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर कोणीतरी म्हणायचं, "ताई सामानापाशी बसेल." आधी बाबा म्हणायचे, मग आई, आणि पुढे मी म्हणायला लागलो. पावागढला आम्ही सगळे वर गेलो आणि ती खाली एका दुकानाच्या बाकावर पिशव्या, पाण्याची बरणी आणि सगळ्यांच्या चपला घेऊन बसली. परत आल्यावर आई विचारायची, "कंटाळलीस का गं?" आणि ताई म्हणायची, "छे, किती माणसं बघायला मिळाली." आम्ही ते खरं मानायचो. खरं मानणं सोयीचं होतं. घरच्या अल्बममध्ये एकाही देवळासमोर, एकाही समुद्रासमोर ताईचा फोटो नाही.

तर मी वही घेऊन फोन करायला बसलो.

एका हॉटेलनं वेबसाइटवर व्हीलचेअरचं चित्रच लावलं होतं. मी खूश होऊन फोन केला. लिफ्ट आहे, त्यांनी सांगितलं. लिफ्टपर्यंत कसं जायचं? रिसेप्शनमधून. आणि रिसेप्शनला? तिथं पाच पायऱ्या. मग ते चित्र कशाला लावलंय? "साहेब, ते वेबसाइट बनवणाऱ्यानं टाकलंय."

दुसऱ्या ठिकाणी मी बाथरूमच्या दाराची रुंदी विचारली. "नॉर्मल आहे," म्हणाला. किती इंच? "नॉर्मल जेवढे असतात तेवढे." फोटो पाठवा म्हटलं, तर त्यानं पलंगाचा फोटो पाठवला. पलंगावर टॉवेल दुमडून केलेले दोन हंस होते.

तिसऱ्यानं विचारलं, "पेशंट आहे का? आम्ही पेशंट घेत नाही. बाकीच्या गेस्टना बरं वाटत नाही."

"ती पेशंट नाही. तिला काही झालेलं नाही."

"मग चालत का नाहीत?"

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या खोलीतून बायको धावत आली, एवढं सांगतो.

असे आठ दिवस गेले. शेवटी एका हॉटेलचा मॅनेजर मला देवासारखा भेटला. खोली पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण तो म्हणाला, "फिकर मत करो साहेब. चार आदमी हैं हमारे पास. माजी को कुर्सी के साथ उठा लेंगे." मला इतकं हलकं वाटलं! त्यानं ताईचं वजन विचारलं, मी सांगितलं. खोल्या पक्क्या केल्या. जाण्याचा रस्ता, थांबे, वेळा, सगळं मी एका कागदावर आखलं आणि संध्याकाळी तो कागद घेऊन ताईकडे गेलो.

ती ओट्याशी बसून मेथी निवडत होती. मी कागद पुढे ठेवला. तिनं शेवटपर्यंत वाचला.

"चार माणसं?" तिनं विचारलं.

"हो. खुर्चीसकट उचलतील. त्यांना सवय आहे म्हणे."

"कशाची सवय? कपाटं उचलायची?"

"ताई, सकाळी खाली आणि संध्याकाळी वर. दोनदाच तर—"

माझा तो 'च' मलाच ऐकू आला. पण मी थांबलो नाही. मी म्हणालो, दुसरीकडे कुठेच सोय नाही, एवढं चालवून घ्यावं लागेल.

"माझं वजन सांगितलंस का त्यांना?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"म्हणजे सांगितलंस. मला विचारलंस?"

"अगं, आठवडाभर मी फोन करतोय तुझ्यासाठी! कामावर डबा खाताना फोन, रस्त्यात स्कूटर थांबवून फोन. आणि तू..."

"एक फोन मला करायचा होतास. समोरच राहते मी."

मग माझ्या तोंडून ते गेलं. "नको असेल तर राहू दे. बस घरी."

ताई रडली नाही. तिनं हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि पूर्वी तक्रारींच्या टेबलावर बसायची तशी सरळ बसली.

"घरी बसायला मला तुझी परवानगी लागत नाही," ती म्हणाली. "आयुष्यभर तुमच्या चपला राखल्या मी. बोलले नाही, कारण वर डोंगरावर जायला रस्ताच नव्हता, हे मला दिसत होतं. पण मांडवीचं सोड. तुझ्या घरी मी शेवटची कधी आले ते सांग."

मी मनात सण मागे मागे मोजत गेलो.

आमच्या विंगमध्ये लिफ्ट आहे, पण पार्किंगपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत. ताई कुबड्यांवर होती तोवर कठडा धरून चढायची. व्हीलचेअरवर आल्यापासून आम्हीच तिच्याकडे जायला लागलो. दिवाळीचा फराळ तिच्याकडे, भाऊबीज तिच्याकडे. ती कशाला त्रास घेईल, आपणच जाऊ, असं आम्ही म्हणायचो आणि आम्हाला ते प्रेमाचं वाटायचं. गणपती मात्र आमच्याकडे बसतो. दोन वर्षं ताईनं घरच्या गणपतीची आरती मोबाइलवर पाहिली होती. समोरच्या विंगमधून.

मी उठून घरी आलो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "अहो, ताईंचं बरोबर आहे. आणि मी रोज त्यांच्याकडे भाजी घेऊन जाते. माझ्याही लक्षात आलं नाही."

दुसऱ्या दिवशी कामावर निघताना मी पायऱ्या मोजल्या. सात. बावीस वर्षं त्या उतरत होतो.

मला त्या दोन दिवसांत राग ताईचाच आला होता, हेही कबूल करतो. आपण एवढं केलं आणि वर ऐकून घ्यावं लागलं, हाच राग. तो उतरायला वेळ लागला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो, तर ती फोनवर होती. तिनं हात वर करून मला बसायला सांगितलं.

तिचा तो जुना आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. चढत नाही, उतरत नाही, आणि समोरच्याला फोन ठेवता येत नाही. ती गुजरातीत बोलत होती. "नाही भाई, अंदाजे नको. मेजर टेप घ्या आणि दारापाशी जा. मी होल्ड करते." मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "मापायला गेलाय."

तिनं 'तुमच्याकडे सोय आहे का' असं कोणालाच विचारलं नव्हतं. तिनं आपल्या जुन्या खात्यातल्या कच्छकडच्या एका मैत्रिणीला फोन करून विचारलं होतं, की बंदरापाशी व्यापाऱ्यांची जुनी गोदामं असतील, त्यांतलं एखादं कोणी राहायला देतं का? मैत्रिणीनं शोधून दिलं. एका वयस्कर व्यापाऱ्यानं आपल्या वडिलांचं खजुराचं गोदाम नीट करून त्यात चार खोल्या काढल्या होत्या.

"गोदामच का पण?" मी विचारलं.

"मालाच्या हातगाड्या आत जायच्या ना? मग उंबरठा नसणार."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. आणि मग मला असा संताप आला की काय सांगू. खजुराच्या पोत्यांसाठी लोकांनी सपाट जमीन केली होती. माणसांसाठी बांधलेल्या एकाही हॉटेलला ते सुचलं नव्हतं.

व्यापारी फोनवर परत आला. बाथरूमचं दार उघडल्यावर चोवीस इंच जागा राहते, म्हणाला. ताईची खुर्ची चाकांसकट पंचवीस. ताई म्हणाली, "दाराचं पान धरून चोवीस ना? ते बिजागरीतून काढून ठेवता येईल? पडदा लावला तरी मला चालेल." पलीकडून मलाही ऐकू आलं, "थई जशे, बेन." होऊन जाईल.

तिनं फोन ठेवला.

"ताई, माझं चुकलं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मुठिया केलेत मेथीचे. डबा घेऊन जा."

उत्तरायणानंतरच्या शुक्रवारी पहाटे पाचला आम्ही निघालो. सोसायटीच्या झाडांवर अजून पतंग अडकलेले होते. ताई हातांच्या जोरावर खुर्चीतून सरकून गाडीत बसते, तिला कोणाचा हात लागत नाही. खुर्ची घडी करून मी डिकीत ठेवली. अहमदाबाद मागे पडलं, ऊन वर आलं. बायकोनं मागे वळून ताईला पाण्याची बाटली दिली. ताईनं नुसते ओठ ओले केले आणि बाटली परत दिली.

"नीट प्या की ताई."

"मी प्रवासात पाणी पीत नाही."

"कधीपासून?"

"शाळेपासून," ताई म्हणाली. "पाणी प्यायलं की पुढचं सगळं कोणाला तरी सांगावं लागतं."

तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मी गाडी चालवत होतो. पन्नास वर्षं या बाईबरोबर मी प्रवास केला होता. द्वारकेचा तो सबंध दिवस, तो उन्हाळा मला आठवला, आणि ती चपलांपाशी बसलेली.

त्यानंतर मी दिसेल त्या धाब्यावर, दिसेल त्या हॉटेलवर गाडी थांबवत सुटलो. स्वतः उतरायचो, आत जाऊन बाथरूम बघून यायचो. एके ठिकाणी तीन पायऱ्या. एके ठिकाणी दार इतकं अरुंद की मीच आडवा होऊन गेलो. एके ठिकाणी जमिनीवर घोट्याएवढं पाणी. ताई म्हणत होती, "चल रे, मला सवय आहे," आणि ते ऐकून मी आणखीच चिडत होतो. शेवटी एका नव्या पेट्रोल पंपावर सपाट जमीन, रुंद दार आणि भिंतीला धरायला दांडा, असं सगळं मिळालं. पंपावरच्या माणसाचा हात हातात घेऊन मी त्याचे आभार मानले. तो गोंधळला. गाडीत परत आल्यावर ताईनं सबंध बाटली पाणी प्यायलं आणि दुसरी मागितली.

दुपारी आम्ही मांडवीत पोचलो. गोदामाच्या मालकानं खरोखरच दाराचं पान काढून भिंतीशी उभं करून ठेवलं होतं आणि त्याच्या बायकोनं तिथं लाल बांधणीची जुनी ओढणी पडदा म्हणून लावली होती. रस्त्यावरून ताईची खुर्ची सरळ आत गेली. म्हातारा माझ्याशी काहीच बोलला नाही, तिलाच म्हणाला, "माप बराबर छे ने, बेन?" ताई बाथरूममध्ये गेली, आत वळली, बाहेर आली. "बरोबर आहे," म्हणाली. "दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरतेय."

शनिवारी सकाळी आम्ही नदीकाठी गेलो. जहाजं रस्त्यावरूनच दिसतात. एकाचा नुसता सांगाडा उभा होता, दुसऱ्याला फळ्या बसत होत्या, तिसरं जवळजवळ पुरं झालं होतं. ताईनं रस्त्याच्या कडेला खुर्चीचा ब्रेक लावला आणि बघत बसली. काठ उतरता होता, माती मऊ, वर लाकडाचा भुसा. माझी नजर सवयीनं आजूबाजूच्या माणसांवर फिरायला लागली, हे दोघं आणि तो तिसरा, मी चौथा. मग मी स्वतःला आवरलं आणि तिलाच विचारलं, "खाली जायचंय?"

"जायचंय. पण उचलून नाही."

आम्हाला बघून एक मिस्त्री वर आला. पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यानं मला विचारलं, "माजीने शुं जोईए छे?" मी म्हणालो, "काय हवंय ते त्यांनाच विचारा." मग ताईनंच त्याला विचारायला सुरुवात केली. फळी वाकवता कशी? विस्तवावर तापवून, ओली करत करत. फटीतून पाणी येत नाही? फटीत कापसाची वळी ठोकून बसवतो, आणि जहाज पाण्यात उतरलं की लाकूड फुगून फट मिटते. किती वर्षं लागतात? दोन, कधी तीन. तो बोलता बोलता खुर्चीशेजारी उकिडवा बसला. आणि मग ताईनं विचारलं, "एवढी मोठी लाकडं तुम्ही जहाजापर्यंत आणता कुठून?"

"ट्रक येतो ना, पलीकडून," तो म्हणाला. मग खुर्चीच्या चाकांकडे बघून कपाळावर हात मारून हसला. "चला, दाखवतो."

पलीकडे ट्रकसाठी दगड-चुरा टाकून पक्की केलेली वाट होती. ती थेट जहाजाच्या पोटापाशी जात होती. मी खुर्चीला हात लावणार होतो, पण ताई स्वतःच चाकं फिरवत पुढे गेली. जहाज तिच्या डोक्यावर पार आभाळात गेलेलं. तिनं हात लांब करून फळीवर तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. बायकोनं फोटो काढला.

"मोठं आहे रे," ताई म्हणाली.

तो दिवस इथे संपला असता तर बरं झालं असतं. पण संध्याकाळी आम्ही समुद्रावर गेलो. किनाऱ्यापाशी एक नवंकोरं शौचालय होतं, त्याच्या एका दारावर निळ्या रंगात व्हीलचेअरचं मोठं चित्र, पुढे छान उतार केलेला. ते बघून ताईनं नारळपाणी घेतलं. पुरं प्यायली. तासाभरानं आम्ही त्या दारापाशी गेलो, तर दाराला कुलूप.

तिथल्या राखणदाराला विचारलं. "किल्ली साहेबांकडे असते." साहेब कुठे? "भूजला. सोमवारी येतील." मी खिडकीच्या फटीतून आत पाहिलं. झाडू होते, मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, कुठल्यातरी समारंभाचे झेंड्याचे बांबू होते.

मी त्या राखणदारावर जो सुटलो! हे दार कोणासाठी आहे, चित्र काय शोभेला काढलंय का, तुमच्या साहेबाला सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं तर तो थांबेल का. माणसं जमायला लागली. ताईनं माझी बाही ओढली.

"त्याच्यावर ओरडू नकोस. किल्ली त्याच्याकडे नाही. मला गोदामावर घेऊन चल. लवकर."

आम्ही गाडीत बसलो. मांडवीचा समुद्र ताईनं गाडीच्या काचेतून मागे जाताना पाहिला. मला रडू येत होतं आणि ते रागाचं होतं.

रविवारी आम्ही बडोद्याला परत आलो. सोमवारी ताईनं, ते शौचालय ज्या खात्याचं होतं त्याला, गुजरातीत तक्रार पाठवली. दाराचा, कुलुपाचा आणि खिडकीतून काढलेला झाडूंचा, असे तीन फोटो जोडले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सदर ठिकाणी दिव्यांगांसाठी सुविधा उपलब्ध आहे, असं त्यात लिहिलं होतं. ताईनं एका ओळीचं पत्र परत पाठवलं: "किल्ली कुठे आहे?" त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. दर पंधरा दिवसांनी ती तीच ओळ पुन्हा पाठवते.

आमच्या विंगच्या मीटिंगमध्ये मी रॅम्पचा विषय काढला. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो, त्या सात पायऱ्या समोरच होत्या.

"एक जण माटे? एकाच माणसासाठी?" पहिल्या मजल्यावरचे म्हणाले. "आणि बेन तर समोरच्या विंगमध्ये राहतात."

"दोन स्कूटरची जागा जाईल," दुसरे म्हणाले.

"वॉचमन आहे ना," तिसऱ्या बाई अगदी मायेनं म्हणाल्या, "तो उचलून आणेल त्यांना."

मी उभा राहिलो. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेलो होतो, तो चढलाच. "माझी बहीण दोन वर्षं माझ्या घरी आलेली नाही. तुम्ही सगळे माझ्याकडे आरतीला येता, प्रसाद घेता. तुमच्यापैकी एकानं तरी विचारलं का, ताई कुठे आहेत म्हणून? आणि मी तरी विचारलं का?" सगळ्यांनी मिळून विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

पुढची मीटिंग व्हायची गरजच पडली नाही. मार्चमध्ये आमच्या अध्यक्षांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून आले तेव्हा त्या पायऱ्यांशी वीस मिनिटं उभे होते, म्हणे. पंधरा दिवसांत गवंडी आला, सिमेंट आलं, रॅम्प झाला. स्कूटरच्या जागेचा कोणी उच्चार केला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. पण अध्यक्ष काठी टेकत माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बघा, तुमचंही काम झालं," तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचा एक गुडघा सगळ्यांना लगेच दिसला होता.

पहिल्या रविवारी ताई आमच्याकडे जेवायला आली. जागा वाचवायला गवंड्यानं चढ फार उभा केला होता. मी आणि बायको दोघांनी मिळून खुर्ची ढकलली, आणि अर्ध्यावर ती मागे यायला लागली तेव्हा मी खांदा लावून ती थोपवली.

"हा रॅम्प नाही, घसरगुंडी आहे," ताई वर पोचल्यावर म्हणाली. "याच्या दुप्पट लांब हवा. मी लिहून देते, सोमवारी कमिटीला दे."

लिफ्टनं आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. ती घरात आली, प्रत्येक खोलीत गेली, गणपती बसतो तो कोपरा तिनं बघितला, नवे पडदे आवडले नाहीत ते सांगितलं. जेवण झाल्यावर गॅलरीत गेली. तिथून तिची विंग समोर दिसते. दोन वर्षांत तिनं स्वतःची इमारत वरून पाहिली नव्हती.

"अरे, आमच्या गच्चीवरची टाकी वाहतेय!"

मी बघितलं. वाहत होती. भिंतीवर खालपर्यंत हिरवी शेवाळाची रेघ होती.

"कधीपासून वाहतेय?"

"बरेच दिवस झाले," मी म्हणालो. "गेल्या पावसाळ्यापासून असेल."

"आणि तू रोज इथे उभा राहून चहा पितोस!"

तिनं पिशवीतून मोबाइल काढला आणि आपल्या विंगच्या सेक्रेटरींना लावला. रविवारची दुपार, अडीच वाजले होते. ते बिचारे नक्की झोपलेले असणार.